खातेदार सीमेवर आहे: महसूल, कृषी आणि सैनिक कल्याण विभागांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, महसूल विभाग,
मा. मंत्री, कृषी विभाग,
मा. मंत्री, सैनिक कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: सेवेतल्या सैनिकाची शेती सांभाळणाऱ्या पत्नीला कागदोपत्री अधिकार मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात राहते. माझे पती भूदलात हवालदार आहेत. सतरा वर्षं नोकरी झाली. सध्या ते कुठे आहेत हे मी लिहिणार नाही, आणि नेमकं ठिकाण मलाही माहीत नाही. तिथे त्यांचा मोबाइल लागत नाही. आठ-दहा दिवसांनी युनिटच्या फोनवरून फोन येतो. त्या पाच मिनिटांत मुलांची शाळा, आत्यांचा बीपी आणि विहिरीचं पाणी एवढं बोलून होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी सहा वर्षांपूर्वी गेले, दीर नवी मुंबईला माथाडीत आहेत. वाटण्या झाल्यावर आमच्या वाट्याला साडेतीन एकर आली. तीस गुंठे आलं, एक एकर ऊस, बाकी रानात सोयाबीन आणि घेवडा. घेवडा निघाला की तिथेच ज्वारी. सातबारा पतींच्या एकट्याच्या नावावर आहे. रान मी करते.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. फौजीच्या घरातल्या बाईने गाऱ्हाणं मांडलं तर ती खचली असं लोकांना वाटतं, आणि ते तिकडे त्यांच्या कानावर गेलं तर त्यांना घोर लागतो. मी खचलेले नाही. पण गेल्या आठ महिन्यांत जे झालं ते माझ्या एकटीचं नाही. आमच्या गावातच सेवेत असलेल्या जवानांची अकरा घरं आहेत, आणि त्यातल्या सात घरांत रान बाईच बघते. म्हणून हे उघडपणे लिहिते आहे.

२०२५च्या एप्रिलमध्ये हे सुट्टीवर आले होते. आल्याची लागण डोळ्यापुढे ठेवूनच त्यांनी सुट्टी मागितली होती. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आलं लावायचा परिपाठ आहे. शेणखत पसरून, गादीवाफे ओढून, ठिबकच्या नळ्या अंथरून रान तयार होतं. साडेसात क्विंटल बेणं मोडून, औषधात बुडवून सावलीत सुकत टाकलं होतं. २२ एप्रिलला पहलगामची बातमी आली, त्या दिवसापासून ते फोन उशाशी घेऊन झोपायला लागले. ३० एप्रिलला तृतीयेच्या दिवशी नारळ फोडून लागण सुरू केली. ३ मे रोजी दुपारी फोन आला. संध्याकाळी त्यांनी बॅग भरली. निघताना ते रानात गेले आणि वाफ्यांच्या कडेला एक काठी रोवून आले, कुठपर्यंत लावून झालं ते कळावं म्हणून. तेरा वाफे झाले होते, एकोणीस राहिले होते.

७ तारखेला पहाटे दूरदर्शनवर ऑपरेशन सिंदूरची बातमी लागली, तेव्हा मी आणि दोन मजूर बायका चौदाव्या वाफ्यात होतो. बेणं मोडलेलं होतं, ते थांबणार नव्हतं. १० तारखेला शस्त्रसंधी झाली. गावात पेढे वाटले. त्यांचा फोन १६ तारखेला आला.

मग त्याच महिन्यात पाऊस आला. २५-२६ मे रोजी मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचल्याची घोषणा झाली, पण आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच आभाळ फाटलं होतं. नुकत्याच लावलेल्या वाफ्यांत पाणी साचलं. रात्री बॅटरी घेऊन मी आणि आत्यांनी चर काढले. तरी खालच्या अंगाच्या पाच वाफ्यांना कंदकुज लागली, ते गेले. सोयाबीनला वाफसाच मिळेना, पेरणी जुलैत गेली. याबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. पावसापुढे सगळेच सारखे.

तक्रार आहे ती त्यानंतरची.

१५ एप्रिल २०२५पासून राज्यातल्या शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा क्रमांक काढताना खातेदाराच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. सगळी माहिती भरून झाल्यावर सहीच्या जागी पुन्हा ओटीपी येतो. काही मिनिटांत तो आकडा घातला नाही, तर पहिल्यापासून सुरुवात. एप्रिलच्या सुट्टीत आम्ही हे काम धरलं होतं. पहिले दोन दिवस सर्व्हर बंद होता, नंतर लागण सुरू झाली, नंतर ते गेलेच. जुलैत मी सेवा केंद्रात गेले. मुलगा भला होता. तो म्हणाला, "वहिनी, त्यांना फोन लावा, आकडा विचारा, मी थांबतो." मी त्याला सांगितलं, फोन लागत नाही. तो म्हणाला, "मग ते आल्यावर या." ते कधी येणार हे त्यांच्या युनिटच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनाही सांगता आलं नसतं.

ओळख क्रमांक नाही म्हणून खरिपाचा पीकविमा भरता आला नाही. एक रुपयातला विमा २०२५च्या खरिपापासून बंद झाला होता, हप्ता भरावा लागणार होता. मी पैसे घेऊन उभी होते. सोयाबीन उशिरा पेरलेलं, आभाळाचा भरवसा नाही, विम्याची गरज कधी नव्हती एवढी त्याच वर्षी होती. मुदत टळून गेली.

गणपतीत ते नऊ दिवस आले. त्यातले चार दिवस कार्यालयं बंद. पाचव्या दिवशी केंद्रात गेलो, ओटीपी आला, सही झाली, आणि दोघांनाही हायसं वाटलं. ते गेल्यावर तेरा दिवसांनी कळलं की आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, आधारवर नाही. दुरुस्ती करा, असं उत्तर. दुरुस्तीला परत ओटीपी. तो अर्ज आज पत्र लिहितानाही तसाच पडून आहे.

पावसाच्या नुकसानीचे पंचनामे झाले तेव्हा मी स्वतः कर्मचाऱ्यांना कुजलेले वाफे दाखवले, कंद उपटून हातात दिले. माझ्यासमोर त्यांनी लिहून घेतलं. यादी लागली तेव्हा यांचं नाव यादीत होतं, पुढे शेरा: केवायसी बाकी. केवायसीला यांचा अंगठा हवा. शेजारच्या रानाचे पैसे जमा झाले, आमचे झाले नाहीत. आमच्यात आणि शेजाऱ्यांत फरक एवढाच की त्यांचा माणूस घरी आहे.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते, कारण ती तुमच्याच विभागाची आहे आणि चांगली आहे. ई-पीक पाहणी माझ्या फोनवरून झाली. मी प्रत्येक तुकड्यात उभी राहून फोटो काढले आणि नोंद करून टाकली. त्या ॲपमध्ये एका फोनवरून अनेक खातेदारांची पाहणी करता येते. म्हणजे पीक माझ्या डोळ्यांनी बघितलेलं चालतं, माझ्या फोनमधला फोटो चालतो. त्याच पिकाचे पैसे घ्यायची वेळ आली की मी चालत नाही. करायचं ठरवलं तर वाट काढता येते, याचा पुरावा तुमच्याच ॲपने दिलेला आहे.

विकास सोसायटीतही तेच. सभासद पती आहेत. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज लागत नाही, ही राज्याची सवलत आहे आणि तिचा आम्हाला दर वर्षी आधार असतो. मार्चमध्ये मी रोख रक्कम घेऊन गेले. भरून घेतली, पावती दिली, कुणी काही विचारलं नाही. नवं-जुनं करून कर्ज उचलायला मात्र सभासदाची सही समोर लागते. मे-जूनमध्ये बियाणं, खत, मजुरी असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो. मी गंठण तारण ठेवून पैसे काढले आणि त्यावर व्याज भरते आहे. बिनव्याजी पैसा ज्यांच्या हक्काचा होता ते देशाच्या कामावर होते, एवढ्याच कारणाने आम्ही व्याज भरतो आहोत.

साखर कारखान्यात उसाची नोंदही यांच्या नावाने, तोडीचा निरोप यांच्याच मोबाइलवर जातो. गेल्या हंगामात तोड आमच्या गटात आली ते मला शेजारच्या रानातल्या कोयत्यांच्या आवाजावरून कळलं. यंदा कारखान्याच्या गट कार्यालयात माझा नंबर द्यायला गेले तर सभासदाचं पत्र आणा म्हणाले.

आणि वीज. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की उसाला दारं धरायला मी एकटी जाते. दोन वर्षांपासून आमच्या शिवारात बिबट्या आहे, पाणंदीत त्याचे ठसे दिसतात. आत्या बांधावर कंदील घेऊन बसतात आणि दर दहा मिनिटांनी मला हाक मारतात. मी ओ दिली की पुन्हा गप्प. रात्रीच्या विजेचं दुखणं सगळ्याच शेतकऱ्यांचं आहे, ते मी या पत्रात आमच्यापुरतं मागणार नाही. पण शेतीला दिवसा वीज देण्याच्या योजनेत आमच्या फिडरचा नंबर कधी लागणार, एवढं कुणीतरी गावात येऊन सांगावं.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवलं ती सांगते.

ऑक्टोबरमध्ये यांच्या नावाने एक नोटीस आली. आमच्या खालच्या अंगाच्या रानातून वाट मिळावी म्हणून एका खातेदाराने महसूल कार्यालयात अर्ज केला होता. वाट कुणालाही लागते, तिला माझा विरोध नाही. पण मागितलेली वाट आमच्या ठिबकच्या मेन लाइनवरून आणि विहिरीच्या थारोळ्याला लागून जाते. वरच्या बांधाने ती सहज निघते आणि कुणाचंच नुकसान होत नाही. हे मी नकाशा काढून, फोटो जोडून लिहिलं आणि तारखेला गेले. सोयाबीनची मळणी सोडून गेले. पुकारा झाला. मी पुढे झाले. विचारलं, "आपण कोण?" मी सांगितलं. उत्तर मिळालं, "खातेदार कुठे आहेत? तुमच्याकडे मुखत्यारपत्र आहे का?" मी म्हणाले, खातेदार सीमेवर आहेत, हे त्यांचं ओळखपत्र, हे माझं डिपेंडंट कार्ड, हा लष्करात झालेल्या विवाहाच्या नोंदीचा, पार्ट टू ऑर्डरचा कागद. ते कागद बघितलेही नाहीत. माझा अर्ज घेतला नाही. पुढच्या तारखेला 'सामनेवाले गैरहजर' असा शेरा पडला. मी त्या खोलीत दाराजवळ उभी होते तेव्हा तो शेरा लिहिला गेला.

गैरहजर. सतरा वर्षांत ज्या माणसाने एकदाही हजेरी चुकवली नाही, त्याच्या नावापुढे त्याच्याच तालुक्यात हा शब्द पडला.

ज्यांनी शेरा लिहिला त्यांचं किंवा त्या कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण माझं भांडण माणसाशी नाही. त्यांच्यापुढे असा नियम ठेवला गेलेला नाही की सैनिकाच्या बायकोचं ऐकून घ्या. पण कायदा काय म्हणतो ते त्या दिवसानंतर मी शोधलं, आणि जे सापडलं त्याने माझं मन जास्तच दुखलं. कायद्याला आमची आठवण शंभर वर्षांपूर्वी झालेली आहे.

१९२५चा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट आजही आहे. युद्धाच्या किंवा तशा खास परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाविरुद्ध दिवाणी किंवा महसुली दावा चालू असेल, तर त्याच्या गैरहजेरीत त्याचं नुकसान होऊ नये म्हणून काम पुढे ढकलायची तरतूद त्यात आहे. जिल्हाधिकारी अशा सैनिकाबद्दल न्यायालयाला कळवू शकतात, हेही त्यात आहे. कायदा पहिल्या महायुद्धानंतर झाला, आणि तो का करावा लागला हे साताऱ्याला कुणी शिकवायला नको. आमच्याच जिल्ह्यातल्या आपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, तिथला स्मारकस्तंभ आजही उभा आहे. मराठ्यांच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात उपाशी लढल्या. त्यांच्या मागे या खोऱ्यातलं रान कुणी नांगरलं असेल? माझ्या आजेसासूबाई दुसऱ्या महायुद्धात चार वर्षं एकट्या होत्या. नवरा परदेशात, दोन पोरं पदरात. आत्या सांगतात, त्या औतामागे चालायच्या म्हणून गावाने नावं ठेवली, आणि सुगी झाल्यावर तोच गाव त्यांच्याकडे बियाणं मागायला आला.

दुसरी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, १९०८ची. तिच्या आदेश २८प्रमाणे ज्या सैनिकाला सुट्टी मिळू शकत नाही तो आपल्या कमांडिंग ऑफिसरच्या समोर सही केलेल्या पत्राने कुणालाही आपल्या वतीने दावा लावायचा किंवा आपली बाजू मांडायचा अधिकार देऊ शकतो. दिवाणी न्यायालय ते पत्र मानतं. न्यायालय जे मानतं ते सोसायटी, सेवा केंद्र, गट कार्यालय आणि महसूल कार्यालय का मानत नाही?

कुळकायद्यातही सैनिकाचा वेगळा विचार आहे. तो घरी नसला आणि मजुरांकडून शेती करून घेतली, तरी कायदा ती त्याची स्वतःची वहिवाट धरतो. त्याची जमीन राखायचा विचार झाला, हे फार मोलाचं आहे. ती जमीन रोज कसणाऱ्या घरच्या माणसाचा विचार त्यात नाही.

लक्ष्मीमुक्ती योजनेचं मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच वाचलं. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिलांचं अधिवेशन भरवलं, पुढे नवऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमीन करावी ही चळवळ उभी राहिली, आणि १९९२ साली शासनाने परिपत्रक काढलं: पतीने अर्ज केला तर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागेल. माझे पती तयार आहेत. फोनवर मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हे आधीच करायला पाहिजे होतं, माझ्याच डोक्यात आलं नाही." पण अर्ज त्यांनी करायचा, जबाब त्यांनी द्यायचा, आणि ते इथे नाहीत. सैनिकाला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस नैमित्तिक सुट्टी असते, असं कागदावर आहे. ती त्याला सुगीच्या, पेरणीच्या किंवा कार्यालयाच्या वेळेला मिळेल असं नसतं. २०२५मध्ये तर मिळालेलीही मोडली.

२०२५च्या कारगिल विजय दिनी, २६ जुलैला, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिकाच्या घरच्यांना जमिनीच्या, कोर्टाच्या कामांत मोफत कायदेशीर मदत आणि सैनिक कल्याण कार्यालयांत त्यासाठी केंद्रं, असं तिचं स्वरूप आहे. मी तिचं मनापासून स्वागत करते. पण माझ्या बहुतेक कामांना वकील लागतच नाही. मला लागतो तो एक नियम, जो खिडकीच्या पलीकडे बसलेल्या माणसाला लेखी दिलेला असेल.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. आपल्या देशाच्या २०१५-१६च्या कृषी गणनेत बायकांच्या नावाची वहिवाट खाती शंभरात चौदाच्या आसपास निघाली. आमच्या वाडीत सकाळी सात वाजता रानाकडे जाणारी माणसं मोजली तर बायका जास्त निघतील. या वर्षात भाषणं होतील, सत्कार होतील, मलाही कदाचित कुणी शाल द्यायला बोलावेल. मी येणार नाही असं नाही. पण त्याच्या आधी खालच्या गोष्टी व्हाव्यात.

१) सैनिकाने कमांडिंग ऑफिसरसमोर सही केलेलं अधिकारपत्र शेतीच्या सगळ्या कामांना चालावं: पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, ऊसनोंद, महसुली सुनावणी. त्याचा एकच ठरीव नमुना शासनाने काढावा, युनिटकडून तो टपालाने किंवा ई-मेलने थेट तहसील कार्यालयात यावा, आणि त्याला मुद्रांक आणि नोंदणी माफ असावी.

२) शेतकरी ओळख क्रमांक आणि भरपाईची केवायसी यांत सेवेतल्या सैनिकासाठी पर्याय ठेवावा. अधिकारपत्र असलेल्या पत्नीचा ओटीपी किंवा अंगठा चालावा. पैसे खातेदाराच्याच खात्यात जाऊ द्या, त्याला आमची ना नाही. ज्यांची कामं केवळ ओटीपीमुळे अडली आहेत त्यांची भरपाई आणि सवलत मागच्या तारखेपासून मिळावी. पीककर्जाच्या आणि विम्याच्या मुदतीत बसता आलं नाही त्यांनाही हे लागू व्हावं.

३) खातेदार सेवेत आहे हे कळताच कोणतंही महसुली काम एकतर्फी पुढे जाऊ नये. १९२५च्या कायद्याची माहिती देणारं पत्र प्रत्येक तहसील, प्रांत आणि भूमी अभिलेख कार्यालयाला पाठवावं. सैनिकाच्या नावापुढे 'गैरहजर' न लिहिता 'सेवेवर' लिहावं. मोजणीची, वाटेची, हद्दीची नोटीस पत्नीलाही तिच्या नावाने यावी.

४) लक्ष्मीमुक्तीचा अर्ज आणि जबाब युनिटमधून स्वीकारावा, कमांडिंग ऑफिसरच्या साक्षीने. सातबारा आणि आधारवरच्या नावांतला किरकोळ फरक गावपातळीवर पंचनाम्याने मिटावा. एका 'राव'साठी माणसाला सीमेवरून बोलावणं योग्य नाही.

५) जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा एक माणूस महिन्यातून एक दिवस तालुक्याला बसावा, आणि त्या दिवशी महसूल, कृषी आणि सहकार या तिन्ही खात्यांचा एकेक कर्मचारी त्याच्या शेजारी असावा. माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची कामं आधी व्हावीत, ते बरोबरच आहे. पण ज्यांचे पती आज सेवेत आहेत त्यांनाही कुठे जायचं ते कळावं.

यात कुठेही सरकारी तिजोरीवर मोठा भार पडत नाही. काहींना वाटेल की अशा अधिकारपत्राने बायका जमीन विकून टाकतील. नमुन्यातच लिहा की विक्री, गहाण आणि बक्षीसपत्र याला हे पत्र चालणार नाही. मला जमीन विकायची नाही. मला ती पिकवायची आहे आणि ते परत येतील तेव्हा जशी दिली तशी त्यांच्या हाती द्यायची आहे.

यांना मी हे पत्र वाचून दाखवलं नाही, वेळ नव्हता. एवढं सांगितलं की तुमच्या रानाबद्दल साहेबांना लिहिते आहे. ते म्हणाले, "लिही, पण कुणाला वाईट बोलू नको." मी बोललेले नाही.

आल्याच्या उरलेल्या वाफ्यांची काढणी आता सुरू होईल. सव्विसाव्या वाफ्याचं बेणं वेगळं काढून ठेवायचं आहे, तिथला कंद सगळ्यांत सुटसुटीत आणि निरोगी निघाला. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात यांची सुट्टी मंजूर झाली आहे असं परवा कळलं. त्यातले दोन दिवस आम्ही कार्यालयासाठी राखून ठेवले आहेत. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज, दोघांची आधारकार्डं, सातबारा आणि आठ-अ असं सगळं एका पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवलं आहे. वाटेच्या प्रकरणाची पुढची तारीख त्यांच्या सुट्टीच्या आधीची आहे. त्या तारखेला मी जाणार आहे, नकाशा आणि फोटो घेऊन. त्या दिवशी माझा अर्ज घेतला जावा, एवढी विनंती सगळ्यांत आधी.

आपली,
सेवेतल्या एका सैनिकाची पत्नी,
ता. कोरेगाव, जि. सातारा